पतंगाचे नाव चुकले तर चालेल, अळंबीचे नाही

आर्द्राचा पाऊस चांगला झाला की आपल्या घराघरांतील व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रकारचे फोटो फिरू लागतात. एक भिंतीवर पंख पसरून बसलेल्या मोठ्या पाखराचा असतो आणि खाली प्रश्न असतो, “ये क्या है? घर में आया तो कुछ होता क्या?” दुसरा असतो बांधावर किंवा वारुळावर उगवलेल्या पांढऱ्या छत्र्यांचा. त्याखालचा प्रश्न दोनच शब्दांचा : “खायची का?” पाच मिनिटांत दहा उत्तरे येतात. कोणी हसरा चेहरा टाकतो, कोणी ‘आमच्याकडे खातात’ म्हणून सांगतो, कोणी रेसिपीही धाडतो.

पहिल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले तर कोणाचे काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने एका घरातील चार-पाच माणसे एकदम दवाखान्यात गेल्याच्या बातम्या देशात दर पावसाळ्यात येतात. म्हणून पावसाळ्यातील या दोन पाहुण्यांविषयी, म्हणजे पतंग आणि अळंबी यांच्याविषयी, एकत्रच लिहावे असे आम्हाला वाटले.

परभणी म्हटले की जंगल कोणाला आठवत नाही. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि पाऊस पडला की पायाला चिकटून येणारी काळी माती, हे आपल्या जिल्ह्याचे रूप. जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रफळात वनाचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. जे रान उरले आहे त्यातील बरेचसे जिंतूर तालुक्यातील टेकड्यांवर, नेमगिरी आणि येलदरीच्या बाजूला आहे. बाकी मग नदीकाठच्या बाभळी, गायराने, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा झाडीचा परिसर आणि आपली जुनी कब्रस्ताने. कब्रस्तानाचे नाव या यादीत पाहून नवल वाटू देऊ नका. जिथे वर्षानुवर्षे नांगर फिरत नाही, फवारणी होत नाही, पडलेले लाकूड कोणी घाईने उचलून नेत नाही, अशा गावातील मोजक्या जागांपैकी ती एक आहे. कडुनिंबाची जुनी झाडे, सीताफळाची झुडपे आणि वाळवीची वारुळे तिथे टिकून असतात. जनाजा घेऊन गेल्यावर आपण इकडेतिकडे पाहत नाही, हे योग्यच आहे. पण साफसफाईच्या दिवशी मुलांना सोबत नेले तर दाखवण्यासारखे तिथे बरेच असते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार-पाच कुटुंबांनी जिंतूरकडील एका ओळखीच्या शेतावर एक रात्र काढली. शेताचा बांध जिथे संपतो तिथे पळस आणि सीताफळाचे झुडपी रान सुरू होते. (वनखात्याच्या जंगलात रात्री विनापरवानगी जाऊ नये. त्याची गरजही नाही, बांधापर्यंत सगळे चालून येते.) मगरिबची नमाज झाल्यावर दोन बांबूंमध्ये जुनी पांढरी चादर ताणून बांधली आणि समोर एक मोठा बल्ब लावला. पतंग पाहण्याची ही जगभरची साधी रीत आहे. पाण्याच्या थेंबासारखे बारीक तुडतुडे आधी आले, मग भुंगेरे आणि अंधार दाट झाल्यावर पतंग.

पहिल्या तासाभरातच मुलांचा मोजण्याचा हिशोब चुकला. वाळक्या पानासारखे, झाडाच्या सालीसारखे, पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे, असे कितीतरी. दुधी पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला एक नाजूक पतंग सगळ्यांना आवडला. त्याची अळी तागाच्या झाडावर वाढते. तागातील विष ती अंगात साठवते आणि मोठेपणी पतंग झाल्यावरही ते टिकवते, म्हणून पाखरे त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याचे ते रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच आहे.

रात्री दहाच्या सुमारास एक जाडजूड, बोटभर लांबीचा पतंग धप्पकन चादरीवर आदळला. पाठीवर फिकट खूण, त्यात दोन काळे ठिपके, अगदी माणसाच्या कवटीसारखे. आमच्यातल्या एका वयस्कर खालाजानने लगेच मुलांना मागे ओढले : “हात नक्को लगाव, अंधे हो जाते!” एकीने तर घरात असा पतंग आला की मयत होते, असे ऐकल्याचे सांगितले. हा पतंग आपल्या तिळाच्या शेतातला. त्याची अळी तिळावर वाढते, चांगली जाड असते आणि शेपटीकडे तिला शिंगासारखा काटा असतो. पतंग मधाच्या पोळ्यात शिरून मध पितो आणि पकडला तर चक्क चिर्रर्र असा आवाज काढतो. युरोपातही लोक त्याला शतकानुशतके अपशकुनी मानत आले. आपल्याकडे तरी ही भीती असायला नको होती, कारण पाखरावरून शकुन-अपशकुन काढण्याची प्रथा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निराधार ठरवली आहे. आणि डोळ्यांचे म्हणाल तर पंखांवरची ती पूड म्हणजे बारीक खवले असतात, त्याने कोणी आंधळे होत नाही. केसाळ सुरवंटाला मात्र खरोखरच हात लावू नये, त्याच्या केसांनी आग होते आणि पुरळ उठते. खालाजानचा सावधपणा योग्य होता, फक्त त्याचा पत्ता चुकला होता.

हे सगळे दिव्याकडे का येतात? उर्दू शायरीने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे : परवाना शमाचा आशिक आहे. शास्त्रज्ञ चंद्राची दिशा, उष्णता अशा कल्पना मांडत आले. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात यश सोंधी हे भारतीय संशोधकही होते. अतिवेगवान कॅमेऱ्याने पतंगांचे उडणे टिपल्यावर असे दिसले की ते दिव्यावर झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा थोडे उजळ असते. पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ उडत आहोत, एवढे कीटकाला कळते. लाखो वर्षे हा नियम बरोबर ठरला. मग माणसाने बाजूला दिवा लावला. आता पाठ दिव्याकडे ठेवायची तर त्याच्याभोवती गोल फिरत राहावे लागते, आणि दिवा खाली असेल तर कीटक उलटा होऊन कोसळतो. म्हणजे तो आशिक नसून वाट चुकलेला प्रवासी आहे. पवित्र कुरआनच्या ‘अल-कारिअह’ या सूरहमध्ये कयामतच्या दिवशी सैरभैर झालेल्या माणसांना विखुरलेल्या पतंगांची उपमा दिली आहे. चादरीसमोर तासभर बसल्यावर ती उपमा डोळ्यांपुढे उभी राहिली आणि मुलांची बडबडही थोडा वेळ थांबली.

पतंगांची नावे शोधू लागलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. फुलपाखरांचे कौतुक पुष्कळ झाले. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मानही दिला. पतंगांना मात्र मराठीत नावे नाहीत. पण त्यांच्या लेकरांना आहेत! बोंडअळी, घाटेअळी, लष्करी अळी, उंटअळी, खोडकिडा, ही सगळी पतंगांची पिल्ले. शेतकऱ्याने नाव ठेवले ते नुकसान करणाऱ्याचे. आईबाप रात्री उडून जातात, त्यांना ओळखण्याची वेळच कधी आली नाही. घरातही तेच. तांदळाला जाळी धरली, ज्वारीत पाखरं झाली असे आपण म्हणतो. ती पाखरे म्हणजेही पतंगच.

आता मात्र ओळखण्याची वेळ आली आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे कंबरडे मोडले ते आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. ही अळी बोंडात शिरली की फवारणीला दाद देत नाही. बाहेरून बोंड धडधाकट दिसते, फुटते तेव्हा कळते. फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिले, म्हणजे डोमकळी दिसली, की समजावे आत कोणीतरी आहे. त्याच्याही आधी सावध करतो तो तिचा पतंग, जेमतेम नखाएवढा, मातकट करडा. त्यासाठीच शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाची नक्कल करणारी गोळी सापळ्यात असते आणि त्या गंधाला फसून नर आत येतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाय करण्याची पातळी गाठली, असे कृषी विद्यापीठे सांगतात. पण मोजण्याआधी ओळखावे लागते. बोंडअळीची गोळी वेगळी, घाटेअळीची वेगळी. ज्याला सापळ्यातले पतंग ओळखता येतात, त्याचा एखादा फवारा वाचतो. त्या फवाऱ्याचा खर्च आणि विष दोन्ही घरी येणार असते, तेव्हा हे ज्ञान काही फावल्या वेळचा छंद नव्हे.

सगळेच पतंग वैरी नाहीत. पपईच्या फुलांचे परागीकरण मुख्यतः पतंगच करतात. चिमण्या-बुलबुल पिल्लांना अळ्याच भरवतात. आणि मराठवाड्यात तुती लावून ज्यांनी रेशीम शेती धरली आहे, त्यांचे घर तर एका पतंगावरच चालते. हजारो वर्षे माणसाने पाळल्यामुळे तो बिचारा उडणेच विसरला आहे. एका कोशातून कित्येकशे मीटर अखंड धागा निघतो. पुरुषांना रेशीम वर्ज्य असले तरी त्याची शेती करून चार पैसे मिळवण्यात आणि बहिणी-मुलींनी ते नेसण्यात अडचण नाही.

ओळखायला शिकणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मुंबईच्या खेतवाडीत मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढणाऱ्या सालिम अली नावाच्या पोरक्या मुलाने एक चिमणी मारली. तिचा गळा नेहमीच्या चिमणीसारखा नव्हता, पिवळा होता. मामूंना ओळखता आली नाही. त्यांनी ‘असेल एखादी’ म्हणून विषय संपवला नाही, मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. याच सालिम अलींनी १९३० च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपली परभणी तेव्हा त्याच संस्थानात होती.

मुलांना हा नाद लावायचा असेल तर खर्च काही नाही. घराच्या गच्चीवरही चादर चालते. पतंगाचा फोटो वरून सरळ घ्यावा. जमल्यास मागचे पंख आणि मिशाही दिसाव्यात. तारीख, गाव आणि तो ज्या झाडावर होता त्या झाडाचे नाव लिहून ठेवावे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर असे फोटो टाकले की जाणकार नाव सांगतात, कधी चुकतात, मग दुसरा कोणी दुरुस्त करतो. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, तेव्हा सुरुवात करायला हरकत नाही. एवढे मात्र पाळावे की रात्र सरण्याआधी दिवा बंद करावा आणि चादर हळूच झटकावी. नाहीतर फजरनंतर उजाडताच कावळे आणि बुलबुल सगळ्या पाहुण्यांचा नाश्ता करतात.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्याच बांधावरून फिरताना मुलांना अळंबी दिसली. रात्रभर नावे शोधून त्यांचा उत्साह वाढला होता. “हिचेही नाव शोधू आणि भाजी करू!” इथे आम्ही मोठ्या माणसांनी त्यांना थांबवले. नाव शोधा, भाजी नाही.

अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री, विदर्भात सात्या, उर्दूत खुंबी अशी कितीही नावे असली तरी आपल्याला दिसते ती फक्त फळासारखी वरची छत्री. खरी बुरशी जमिनीत किंवा लाकडात बारीक धाग्यांच्या रूपाने पसरलेली असते. पाऊस, ओल आणि उबारा जमला की ती छत्री वर काढते. उद्देश एकच, बीजाणू वाऱ्यावर सोडणे.

सगळ्यांत नवलाची गोष्ट वारुळावरच्या अळंबीची. वाळवी लाकूड, पालापाचोळा कुरतडून नेते, पण तिला ते नीट पचत नाही. मग ती वारुळाच्या पोटात त्या चोथ्याचे स्पंजासारखे वाफे रचते आणि त्यावर एक खास बुरशी वाढवते. बुरशी लाकूड पचवते, वाळवी बुरशी खाते. माणूस शेती शिकला त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ३ कोटी वर्षांपासून, ही शेती चालू आहे. पावसात ही बुरशी वारुळातून वर छत्री पाठवते. जपून उकरले तर देठ खाली मुळीसारखा लांबच लांब जमिनीत गेलेला दिसतो आणि छत्रीच्या मधोमध टणक टोक असते, त्यानेच ती माती फोडून वर येते. गोव्यात हिला रोयणीची अळमी म्हणतात आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला चढ्या दराने ती विकली जाते. अति तोड झाल्याने ती संपेल, असा इशारा गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक अनेक वर्षे देत आले आहेत. ही अळंबी वाळवीशिवाय उगवत नाही, म्हणून तिची व्यापारी लागवड होत नाही.

ही वाचून कोणी म्हणेल, मग वारुळावरची तरी खायला काय हरकत? हरकत अशी की वारुळाशेजारी दुसरीही छत्री उगवते आणि तिने तिथे उगवू नये असा काही नियम नाही. पावसानंतर मैदानात, शाळेच्या आवारात, हिरवळीवर एक पांढरीशुभ्र, वर तपकिरी खपल्या असलेली मोठी छत्री येते, कधी कधी गोल रिंगण करून. दिसायला अतिशय देखणी आणि भूक चाळवणारी. लहान असताना हिच्या खालचे, पुस्तकाच्या पानांसारखे पडदे पांढरे असतात, नंतर हिरवट होतात. हिच्या बीजाणूंचा ठसा हिरवा पडतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. बहुतेक लोक यातून बरे होतात, पण लहान मूल किंवा म्हातारे माणूस पाणी कमी होऊन गंभीर होऊ शकते.

याहून भयंकर घराणे दुसरे आहे, अमानिटा. जगात अळंबीच्या विषाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य एकट्या ‘डेथ कॅप’ नावाच्या अमानिटाच्या खात्यावर आहेत. याच घराण्यात पांढऱ्याशुभ्र जीवघेण्या जातीही आहेत. पांढरे पडदे, देठावर बांगडीसारखा पदर आणि देठाच्या तळाशी, मातीत दडलेली, पिशवीसारखी वाटी ही त्यांची खूण. वरून चाकूने छाटून आणली की ती वाटी मातीतच राहते आणि खूणही तिथेच राहते. हे विष उकळून जात नाही, तळून जात नाही, वाळवूनही जात नाही.

त्याची चाल फार कपटी आहे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. लोक म्हणतात, पाहा, पचली. मग जोरदार उलट्या-जुलाब. सलाइन लावल्यावर दुसऱ्या दिवशी बरे वाटते, रोगी घरी जायचा हट्ट धरतो. आणि तेव्हाच आत यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाऊन १३ जण मरण पावले. त्यातील बहुतेक चहाच्या मळ्यांतील कुटुंबांतले होते. त्यांना अळंबी नवखी नव्हती. ‘आम्हाला कळते’ हा भरवसाच अशा वेळी घात करतो. अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्या आशियाई कुटुंबांनी आपल्याकडे पेंढ्यावर उगवणाऱ्या अळंबीसारखी दिसते म्हणून डेथ कॅप शिजवल्याचीही उदाहरणे आहेत. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी हे त्यांना कळवावे.

घरातल्या परीक्षांवर तर मुळीच विसंबू नये. चांदीची अंगठी काळी पडते का, लसूण निळा होतो का, भाताचे शीत लाल होते का, यांपैकी कशानेही हे विष कळत नाही. गोगलगाईने कुरतडली म्हणजे चांगली, हेही खोटे आहे. तिचे पोट वेगळे, आपले वेगळे. मोबाइलवर फोटो पाहून नाव सांगणारी ॲप पतंगासाठी ठीक आहेत. ताटात काय घ्यायचे, ते त्यांना विचारू नये. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एकाच रानातून एकच जात आणली जाते, अशा माणसांचे ज्ञान फार मोलाचे आहे. पण ते वर्षानुवर्षे सोबत हिंडून मिळते, फोटोवरून उसने घेता येत नाही.

इथे आणखी एका गैरसमजाविषयी बोलणे भाग आहे, कारण तो आपल्याच घरांत आढळतो. सईद बिन जैद (र.) यांच्याकडून आलेली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एक हदीस अनेकांनी ऐकलेली असते. तीत ‘कमअह’ नावाच्या वस्तूला ‘मन्न’च्या प्रकारात गणले आहे आणि तिच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. उर्दू-हिंदी भाषांतरांत कमअहसाठी ‘खुंबी’ हा शब्द येतो, आणि मग पावसाळ्यातली कोणतीही छत्री म्हणजे जणू हदीसमधली वस्तू, असा समज होतो. अरबीत छत्रीच्या अळंबीला ‘फुत्र’ म्हणतात. कमअह ही वेगळी चीज आहे. ती वाळवंटात जमिनीखाली वाढणारी, बटाट्यासारखी गोल, छत्री नसलेली बुरशी. विशिष्ट रानझुडपांच्या मुळांशी तिचे नाते असते आणि जमिनीला पडलेल्या बारीक भेगेवरून बदू लोक ती शोधतात. सौदी, कुवैतमध्ये नोकरीला राहिलेल्या आपल्या भावांनी हिवाळ्याच्या अखेरीस बाजारात ‘फगा’ नावाने महाग विकली जाणारी ती पाहिलीही असेल. तिचे पाणी कसे वापरावे, नुसते की सुरम्यात मिसळून, यावर जुन्या उलमांमध्येही चर्चा झालेली आहे. तेव्हा त्या हदीसच्या आधारे आपल्या बांधावरची छत्री कोणी खाऊ नये आणि तिचा रस तर डोळ्यांत मुळीच घालू नये. डोळ्यांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. हदीसचा आदर करायचा तर तिच्यातला शब्द आधी नीट समजून घ्यायला हवा.

मग मुलांनी अळंबीचे करायचे तरी काय? पाहायचे आणि ठसे घ्यायचे. आमच्या मुलांना पतंगांपेक्षा हेच जास्त आवडले. अळंबीला नुसता हात लावल्याने विषबाधा होत नाही, नंतर साबणाने हात धुवावेत म्हणजे झाले. छत्रीचा देठ कापून ती अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पडद्यांची बाजू खाली करून ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हलवू नये. (ती वाटी स्वयंपाकात वापरायची नसावी.) सकाळी कागदावर बीजाणूंचे नाजूक चक्र उमटलेले असते. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो, मैदानातल्या त्या देखण्या छत्रीचा हिरवट, अमानिटाचा पांढरा. गुलाबी ठसा देणाऱ्याही विषारी जाती आहेत, म्हणून हा ठसा वहीत चिकटवण्यासाठी आहे, चुलीसाठी नाही. फोटो घेताना छत्री वरून, खालून आणि देठाचा तळ माती उकरून, असे तिन्ही घ्यावेत.

आणि कोणी खाल्लीच असेल तर? त्रास होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना न्यावे, ज्याला काहीच होत नाही त्यालाही. उरलेली भाजी, न शिजवलेली अळंबी, निदान फोटो सोबत असावा. किती वाजता खाल्ली आणि पहिली उलटी किती वाजता झाली, हे लिहून न्यावे. लवकर उलटी झाली तर सहसा सौम्य जातीचे विष असते आणि सहा तासांनंतर सुरू झाली तर यकृताची भीती असते. पण भाजीत दोन जाती मिसळलेल्या असतील तर हा हिशोबही फसतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून घरी आणू नये. यकृताच्या तपासण्या ठीक आहेत, असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिथेच थांबावे.

अळंबीची चव ज्यांना हवीच आहे त्यांच्यासाठी धिंगरी आहे. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे तिच्या लागवडीचे प्रशिक्षण देतात. सोयाबीनचे भुसकट किंवा गव्हाचे काड आपल्याकडे ढिगाने असते आणि पुष्कळ ठिकाणी ते पेटवून दिले जाते. ते भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून, निथळून, प्लास्टिकच्या पिशवीत थराथराने अळंबीच्या बियाण्यासोबत भरायचे. पंधरा-वीस दिवस अंधारी खोली, मग थोडा उजेड, हवा आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. महिनाभरात पहिली तोडणी मिळते. बचत गटातील बहिणींना घरबसल्या करता येण्याजोगे हे काम आहे आणि त्यात कोणती जात आहे, याची शंकाच नसते. छत्र्यांच्या कडा वर वळण्याआधी तोडणी करावी. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी धूळ खोलीभर उडते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. म्हणून जागा कमी असली तरी पिशव्या झोपण्याच्या खोलीत टांगू नयेत.